वादी, साक्षीदार आणि लाभार्थी : लैंगिक अत्याचारपीडित स्त्रीच्या नुकसानभरपाईचा इतिहास (धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

लैंगिक अत्याचाराचा प्रश्न न्यायालयात गेला की त्याचे स्वरूप प्रामुख्याने फौजदारी असते. गुन्हा नोंदविला जातो, दोषारोपपत्र दाखल होते, सत्र न्यायालयात खटला चालतो आणि आरोपीस शिक्षा होते अथवा तो निर्दोष सुटतो. या संपूर्ण प्रक्रियेत पीडित स्त्री ही सरकार पक्षाची साक्षीदार असते. खटला राज्याचा असतो, गुन्हा राज्याविरुद्ध मानला जातो आणि दंड झाला तर तोही प्रथम राज्याच्या तिजोरीत जातो. परंतु त्याच कृत्याचे दुसरेही एक कायदेशीर रूप आहे. दुसऱ्याच्या शरीरावर त्याच्या संमतीविना केलेला हल्ला हे दिवाणी स्वरूपाचे अपकृत्यही असते आणि त्याबद्दल हल्लेखोराकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क पीडित व्यक्तीला असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ नुसार, कायद्याने स्पष्टपणे किंवा अभिप्रेत अर्थाने वर्ज्य न केलेला दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा ऐकण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास आहे. असा दावा कोठेही वर्ज्य केलेला नाही.

असे असूनही बलात्काराबद्दल दिवाणी नुकसानभरपाई देणारे निकाल भारतीय कायद्याच्या अहवालग्रंथांत अत्यंत दुर्मीळ आहेत. दार उघडे आहे, पण त्यातून कोणी आत जात नाही. ही परिस्थिती कशी निर्माण झाली, आणि दिवाणी दाव्याची जागा कोणत्या पर्यायांनी घेतली, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचा संदर्भ त्यासाठी दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. एक तर हा जिल्हा निजामी राजवटीतून भारतीय कायद्याच्या कक्षेत उशिरा आला. दुसरे म्हणजे १९४८ साली या जिल्ह्यातील स्त्रियांवर जे ओढवले, त्याची भरपाई कोणत्याही न्यायालयात मागितली जाऊ शकली नाही.

दिवाण आणि वतन

मराठी प्रदेशाच्या इतिहासात या विषयाचा उल्लेख निघाला की रांझे गावच्या पाटलाचे प्रकरण हटकून सांगितले जाते. पुणे प्रांतातील रांझे येथील पाटील बाबाजी गुजर याने एका स्त्रीशी ‘बदअमल’ केला. शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली आणि पाटीलकी जप्त केली. हे पत्र सामान्यतः इ.स. १६४६ चे मानले जाते. शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून व्याख्यानापर्यंत सर्वत्र या पत्राची आठवण शिक्षेच्या कठोरपणासाठी निघते, आणि त्या काळाचा विचार करता एका वतनदारास अशी शिक्षा होणे ही असामान्य बाब होती, यात शंका नाही.

तथापि या पत्राकडे भरपाईच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळेच चित्र दिसते. पत्राचा मोठा भाग पाटीलकीचे पुढे काय करावयाचे यासंबंधी आहे. अपंग झालेल्या बाबाजीचा सांभाळ करण्यास त्याचा भाऊबंद सोनजी गुजर पुढे आला, त्याच्याकडून रक्कम घेऊन पाटीलकी त्याच्या हवाली करण्यात आली. पैसा दिवाणात गेला आणि वतन कुळात राहिले. ज्या स्त्रीवर अत्याचार झाला तिला काय मिळाले, याविषयी पत्र बोलत नाही. हा दोष एका राजाचा नव्हे. वतनसंस्थेवर उभ्या असलेल्या समाजात गुन्ह्याचा हिशेब दिवाण, गाव आणि कूळ यांच्यात मिटत असे. स्त्री त्या हिशेबात पक्षकार म्हणून गणली जात नव्हती. पुढील तीनशे वर्षांत राजवटी बदलल्या, पण या एका बाबतीत फारसा फरक पडला नाही.

धाराशिव, तुळजापूर, परंडा, नळदुर्ग हा मुलूख पुढे निजामाच्या अमलाखाली गेला. तेथे संस्थानचे स्वतःचे कायदे आणि न्यायालये होती, न्यायालयाची भाषा उर्दू होती. हैदराबाद संस्थानाने १९२१ साली न्यायखाते महसूल प्रशासनापासून वेगळे केले, ही गोष्ट त्या काळात पुढारलेली मानली गेली. पण तुळजापूर किंवा भूम तालुक्यातील मराठी बोलणाऱ्या शेतमजूर स्त्रीला उर्दूतून वादपत्र दाखल करून स्वतःच्या शरीरावरील हल्ल्याची किंमत मागणे किती शक्य होते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९४८ : ज्याचा दावा होऊ शकला नाही

१९४७-४८ या काळात रझाकारांनी मराठवाड्यातील गावोगाव जे अत्याचार केले, त्यांत स्त्रियाही भरडल्या गेल्या. त्यानंतर १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. या कारवाईच्या वेळी व नंतर काही जिल्ह्यांत सूडाची लाट उसळली. तिची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना संस्थानात पाठविले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत त्यांनी संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांचा दौरा केला. त्यांच्या अहवालात सर्वाधिक हानी झालेले म्हणून चार जिल्हे नमूद आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८,००० माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. अहवालात लूट आणि जाळपोळीसोबत स्त्रियांवरील बलात्कार व अपहरण यांचीही नोंद आहे. काही स्त्रियांना संस्थानाबाहेर सोलापूर, नागपूरसारख्या शहरांकडे नेण्यात आल्याचा उल्लेखही त्यात येतो.

हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहण्यास मिळू लागला. त्यावर आजवर झालेली चर्चा प्रामुख्याने मृतांच्या आकड्याभोवती फिरली आहे. त्यातील स्त्रियांविषयीच्या ओळी वाचून पुढे जाण्याचीच प्रवृत्ती दिसते. कायद्याच्या इतिहासकाराने मात्र तेथे थांबावयास हवे. या स्त्रियांना, मग त्या रझाकारांच्या बळी असोत की नंतरच्या सूडाच्या, कोणता कायदा उपलब्ध होता?

त्याच काळात पंजाबातील अपहृत स्त्रियांसाठी भारताच्या संविधान सभेने, तात्पुरती संसद म्हणून काम करताना, १९४९ साली अपहृत व्यक्तींची सुटका व परतवणी करणारा कायदा केला. तो संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पेप्सू आणि राजस्थान संघ या प्रदेशांपुरता होता. हैदराबाद त्यात नव्हते. त्यानंतर फाळणीमुळे विस्थापित झालेल्यांसाठी १९५० चा दावे नोंदविण्याचा कायदा आणि १९५४ चा भरपाई व पुनर्वसन कायदा आला. स्वतंत्र भारताने भरपाईची एवढी मोठी यंत्रणा प्रथमच उभी केली होती. पश्चिम पाकिस्तानात मागे राहिलेल्या घराची, शेताची, दुकानाची मोजदाद तीत झाली. स्त्रीच्या शरीराची झालेली हानी हा त्या मोजणीचा विषयच नव्हता. म्हणजे नवे राज्य भरपाई देण्यास असमर्थ होते, असे म्हणता येत नाही. कशाची भरपाई द्यावयाची याची त्याची कल्पना मालमत्तेपुरती होती.

दिवाणी दावा करण्याची वाटही व्यवहारात बंदच होती. हल्लेखोर जमावातील माणूस असेल तर त्याचे नाव सांगणारा साक्षीदार गावात उरलेला नव्हता, आणि तो शासनाच्या गणवेशातील असेल तर सार्वभौम सत्तेच्या कृत्याबद्दल शासनावर दावा चालत नाही हे तत्त्व आड येत होते. १८६१ च्या पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीच्या खटल्यापासून भारतीय न्यायालयांनी हे तत्त्व जोपासले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकाच्या मध्यास कस्तुरीलाल प्रकरणात ते पुन्हा उचलून धरले. त्या प्रकरणात पोलिसांच्या ताब्यातून सोने नाहीसे झाले होते. सोन्याची ही गत, तेथे अब्रूचा प्रश्न दूरच राहिला.

दिवाणी न्यायालयाचे दार

१ एप्रिल १९५१ रोजी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्यास लागू झाल्या. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८१ पासून औरंगाबाद येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाल्याने उस्मानाबादच्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. न्यायालये जवळ आली, कायदा एक झाला. तरीही असा दावा दाखल होताना दिसत नाही. याची कारणे सहसा स्त्रीचे अज्ञान आणि दारिद्र्य या दोन शब्दांत उरकली जातात. ती तेवढ्यात संपत नाहीत.

खर्चाचा मुद्दा प्रथम घेऊ. दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, हे खरे. परंतु नादार पक्षकारास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली फी न भरता दावा करता येतो. महाराष्ट्र शासनाने तर १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, घटस्फोट आणि हिंसाचार यांविषयीच्या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ केली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे गेली तीस वर्षे तरी पैसा ही मुख्य अडचण राहिलेली नाही. (ही अधिसूचना किती वकिलांच्या लक्षात असते, हा प्रश्न वेगळा.)

खरी अडचण वादपत्राच्या पहिल्या पानावर आहे. आदेश ७ प्रमाणे वादपत्रात वादीचे नाव, वर्णन आणि राहण्याचे ठिकाण लिहावे लागते. फौजदारी खटल्यात १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला आणि सुनावणी बंद दाराआड घेणे सक्तीचे झाले. दिवाणी संहितेत असे बंधन नाही. तेथे खुले न्यायालय हा नियम आहे आणि लोकांना बाहेर ठेवणे न्यायाधीशांच्या इच्छेवर आहे. तारखेच्या बोर्डावर नाव लागते, न्यायालयात पुकारा होतो, बेलिफ समन्स घेऊन गावात जातो आणि घर बंद असेल तर दारावर चिकटवून येतो. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात बेलिफ कोणाच्या दारी व कशासाठी आला होता, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक असते.

दुसरी अडचण मुदतीची. ज्या दाव्यासाठी मुदत कायद्यात स्वतंत्र मुदत सांगितलेली नाही, त्यास तीन वर्षांची मर्यादा लागू होते. अज्ञान मुलीच्या बाबतीत ती सज्ञान झाल्यापासून मोजली जाते. फौजदारी खटला अनेकदा तीन वर्षांत निकाली निघत नाही. आधी शिक्षा होऊ द्या, मग पैशाचे पाहू, असा सल्ला ऐकून थांबलेल्या स्त्रीचा दिवाणी हक्क खटला चालू असतानाच मुदतबाह्य होतो. आणि थांबली नाही, तर सत्र न्यायालयातील उलटतपासणीत तिला तेच वादपत्र दाखविले जाण्याची भीती असते : फिर्याद पैशासाठी केली आहे, हे खरे आहे काय? बचाव पक्षाला यापेक्षा सोयीचा प्रश्न सापडणार नाही. तिच्या पूर्वचारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देणारा पुरावा कायद्यातील भाग २००३ मध्ये वगळण्यात आला, परंतु पैशाच्या हेतूचा आरोप करण्यास कायद्याची आडकाठी नाही.

या जिल्ह्यापुरती आणखी एक बाब नमूद केली पाहिजे. धाराशिव हा ऊसतोड मजूर पाठविणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतील कुटुंबे दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेथील फडावर अत्याचार झाला तर दावा कोठे करावयाचा? कलम १९ सांगते की जेथे अपकृत्य घडले तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे. वादी राहते ते ठिकाण त्यात येत नाही. हल्लेखोर तिच्याच मुलखातील मुकादम असेल तर धाराशिवला दावा होऊ शकेल. तो तिकडचा बागायतदार असेल तर तिला त्याच्या गावच्या न्यायालयात उभे राहावे लागेल.

एवढे करून हुकूमनामा मिळालाच तर दरखास्त करून वसुली करणे ही स्वतंत्र कथा आहे. जमीन वडिलांच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या नावे, सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा, शेतकऱ्याचे राहते घर आणि अवजारे कलम ६० नुसार जप्तीतून मुक्त. हल्लेखोराकडे पैसा असल्याशिवाय दिवाणी दाव्याला अर्थ नाही, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडमध्ये १९८५ साली दोन स्त्रियांनी आपल्यावर हल्ला करणाऱ्या मीया नावाच्या इसमावर नुकसानभरपाईचा दावा लावला आणि जिंकलाही. त्याला मोटार अपघातातील स्वतःच्या इजेबद्दल सुमारे ४५ हजार पौंड मिळाल्याचे समजले, तेव्हा हे दावे दाखल झाले. न्यायालयाने त्या दोघींना मंजूर केलेली रक्कम अनुक्रमे ६,७५० आणि १०,२५० पौंड होती.

देसाईगंज ते हावडा

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ते देशभर माहीत आहे. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा दोघांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नसणे हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र आणि त्यातून उभे राहिलेले आंदोलन सर्वश्रुत आहे.

या प्रकरणाचा अभ्यास फौजदारी कायद्याच्या अंगाने पुष्कळ झाला. दिवाणी अंगाने मात्र तो जवळजवळ झालेला नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात कोणत्या बाजूचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढेच पाहिले जाते आणि फौजदारी न्यायालयातील निर्दोषत्व दिवाणी न्यायालयावर बंधनकारक नसते. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात थांबवून घेतलेली अनाथ मुलगी आणि दोन पोलीस, यांत कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय? दिवाणी न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले असते, असे मानण्यास पुरेशी जागा आहे. अमेरिकेत मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने लेखिका ई. जीन कॅरोल यांच्या दाव्यात डोनाल्ड ट्रम्प यांना लैंगिक अत्याचार व बदनामीबद्दल जबाबदार धरून ५० लक्ष डॉलर देण्यास सांगितले, ते याच प्रमाणावर. त्या कृत्याबद्दल फौजदारी खटला चाललेलाच नव्हता.

१९८३ मध्ये आंदोलनाच्या रेट्याने कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारास अधिक कडक शिक्षा आली, संमतीविषयीचे गृहीतक बदलले, नाव गुप्त ठेवण्याची तरतूद झाली. नुकसानभरपाईचा शब्द त्या दुरुस्तीत नाही. आंदोलनाचे लक्ष शिक्षेवर केंद्रित होते, आणि पैशाची मागणी करणे त्या काळच्या कार्यकर्त्यांनाही अवघड वाटत असावे. गावातील पंचांनी पैसे देऊन प्रकरण मिटविणे ही चाल सर्वांच्या परिचयाची होती, तेव्हा पैसा म्हणजे तोंड बंद करण्याची किंमत हे समीकरण मनात घट्ट बसलेले होते. या ठिकाणी एक फरक विसरला गेला. पंचांसमोरची रक्कम गुन्हा झाकण्यासाठी दिली जाते. न्यायालयाचा हुकूमनामा गुन्हा घडला असे जाहीर करून मगच रकमेवर येतो.

भरपाई आली ती वेगळ्याच वाटेने. १९८३ सालीच बिहारमधील रुदुल साह या बेकायदा तुरुंगात डांबलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिकेत ३५,००० रुपये देवविले. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल राज्याने थेट पैसे द्यावेत, हे तत्त्व तेथे रुजले. याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले होते की ही रक्कम मिळाल्याने दिवाणी दावा करण्याचा त्याचा हक्क जात नाही. पुढे १९९३ मध्ये रेल्वेत लष्करी जवानांनी सहा मोलकरणींवर केलेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पीडितांसाठी भरपाई मंडळ असावे असे सुचविले. इंग्लंडमध्ये अशी योजना १९६४ पासून होती. १९९५ मध्ये नागालँडमधून आलेल्या एका प्रकरणात, खटला चालू असतानाच आरोपीने दरमहा १,००० रुपये द्यावेत असा हुकूम झाला. २००० साली चंद्रिमा दास प्रकरणात, हावडा येथील रेल्वेच्या यात्री निवासात बांगलादेशी स्त्रीवर रेल्वे कर्मचाऱ्यांनी केलेल्या अत्याचाराबद्दल रेल्वेने १० लक्ष रुपये द्यावेत हा कलकत्ता उच्च न्यायालयाचा आदेश कायम झाला आणि सार्वभौमत्वाचा बचाव फेटाळला गेला. कस्तुरीलालची छाया येथे बरीच पुसट झाली. परंतु चंद्रिमा दास हे नाव पीडितेचे नाही. याचिका करणाऱ्या त्या वकील होत्या. अत्याचार झालेली स्त्री स्वतःच्या नुकसानभरपाईच्या खटल्यातही वादी नव्हती.

मनोधैर्य

२००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आले आणि ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आले. प्रत्येक राज्याने पीडितांसाठी भरपाई योजना करावी, आरोपी सापडला नाही तरीही पीडितेला अर्ज करता यावा, अशी ही तरतूद होती. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर आणि ऑगस्ट २०१३ मधील मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणानंतर महाराष्ट्रात मनोधैर्य योजना आली आणि २ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाली. सुरुवातीस अर्थसाहाय्य दोन लक्ष, विशेष प्रकरणात तीन लक्ष रुपये होते. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील क्षतिसाहाय्य व पुनर्वसन मंडळाकडे होता. ३० डिसेंबर २०१७ च्या शासन निर्णयाने कमाल रक्कम १० लक्ष झाली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. रकमेचा मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याची पद्धत त्यात आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांसाठी अत्याचार प्रतिबंधक नियमांखाली वेगळी मदत असते. २०१६ च्या सुधारित नियमांत बलात्कारासाठी ५ लक्ष आणि सामूहिक बलात्कारासाठी सव्वाआठ लक्ष रुपये ठरले. यातील निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणीनंतर, पाव भाग दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेली खालच्या न्यायालयातील खटला संपल्यावर मिळते.

या योजनांनी जे साधले ते कमी लेखता येणार नाही. उमरगा किंवा लोहारा तालुक्यातील एखाद्या मुलीला निकालाची वाट न पाहता, नाव उघड न होता आणि हल्लेखोराच्या सातबाऱ्यावर अवलंबून न राहता पैसे मिळू शकतात. दिवाणी दाव्याने पन्नास वर्षांत हे साधले नाही. पण शासन निर्णयाची भाषा लक्षपूर्वक वाचली पाहिजे. तेथील शब्द ‘अर्थसाहाय्य’, ‘पुनर्वसन’ असे आहेत आणि कार्यालयीन व्यवहारात ती स्त्री ‘लाभार्थी’ होते. घरकुल किंवा निराधार योजनेच्या यादीत असतात त्याच शब्दाने तिची नोंद होते. देणे कोणाचे होते हा प्रश्न या भाषेत उरत नाही. रक्कम करदात्यांच्या पैशातून जाते आणि ज्याने हानी केली तो या हिशेबातून अलगद बाहेर राहतो.

त्याला हिशेबात ओढण्याची तरतूद फौजदारी न्यायालयाकडे आहे. दंडातून अथवा दंडाशिवायही आरोपीने पीडितेस भरपाई द्यावी असा हुकूम कलम ३५७ खाली करता येत असे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१३ रोजी, प्रत्येक खटल्यात न्यायालयाने या प्रश्नाचा विचार केलाच पाहिजे आणि कारणे नोंदविली पाहिजेत, असे सांगितले. ते प्रकरण मनुष्यवधाचे होते, पण तत्त्व सर्वच गुन्ह्यांना लागू आहे. मात्र हा हुकूम शिक्षा झाल्यावरच होतो. आरोपी सुटला तर ही वाट संपते.

महाविद्यालयातील समिती

दिवाणी नुकसानभरपाईचे तत्त्व प्रत्यक्षात कोठे जिवंत असेल तर ते अनपेक्षित ठिकाणी आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील कलम १५ भरपाई ठरविताना काय पाहावे ते सांगते : मानसिक आघात व यातना, नोकरीतील संधीचे नुकसान, वैद्यकीय खर्च, तसेच प्रतिवादीचे उत्पन्न व सांपत्तिक स्थिती. हे थेट अपकृत्याच्या कायद्यातील मोजमाप आहे. साक्षीदार बोलावणे व कागदपत्रे मागविणे याबाबत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, कामकाज गोपनीय असते आणि रक्कम शासनाकडून न येता प्रतिवादीच्या वेतनातून कापली जाते. ते शक्य नसेल व त्याने ती भरली नाही, तर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येते. नाव, विलंब आणि वसुली या ज्या तीन ठिकाणी दिवाणी दावा अडतो, त्या तिन्हींना येथे उत्तर शोधलेले आहे.

प्रत्येक महाविद्यालयात ही अंतर्गत समिती असते आणि प्राध्यापक तिचे सदस्य असतात. फलकावर सदस्यांची नावे असतात. कलम १५ वाचून रक्कम ठरविण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते, याची जाणीव मात्र फारशी आढळत नाही. तक्रार आली तर समज देऊन, माफीनामा लिहून घेऊन किंवा बदली करून ती संपविण्याकडे कल असतो. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आणि घरकामगारांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे. धाराशिवच्या बाजारपेठेतील दुकानात किंवा तुळजापूरच्या लॉजवर काम करणाऱ्या स्त्रीसाठी तोच मंच आहे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुने कलम ३५७ आता ३९५ आणि ३५७-अ आता ३९६ झाले आहे. कलम ३९५ मध्ये दोन जुनी वाक्ये तशीच उतरली आहेत. दिवाणी न्यायालयात जी भरपाई वसूल होऊ शकली असती, ती दंडाच्या रकमेतून द्यावी, असे एक वाक्य आहे. दुसरे वाक्य सांगते की याच बाबीवर नंतर दिवाणी दावा झाल्यास, आधी मिळालेली रक्कम त्या न्यायालयाने हिशेबात घ्यावी. १८९८ च्या संहितेतही या दोन्ही तरतुदी होत्या. सव्वाशे वर्षे प्रत्येक कायदेमंडळाने असे गृहीत धरले आहे की ती स्त्री पुढे केव्हातरी दिवाणी न्यायालयात वादी म्हणून येईल.